हलला तर कर, बसला तर नाही

प्रश्न थोडक्यात असा: पगारावर ३० टक्के कर आणि शेअरच्या नफ्यावर साडेबारा, मग भांडवलावरचा कर वाढवला तर जगभरातली संपत्तीची आणि उत्पन्नाची विषमता खरंच कमी होईल का? आणि होत असेल, तर इतके देश हा कर लावून पुन्हा काढून का टाकतात?

कमी होते. पण नुसता दर वाढवून जेवढी होईल असं वाटतं, तेवढी होत नाही. भांडवलावरचे बहुतेक कर पैसा हलतो त्या क्षणी लागतात: शेअर विकला, लाभांश काढला, जमिनीचं खरेदीखत झालं. पैसा जागेवर बसून वाढत राहिला तर करखात्याला बोट ठेवायला जागाच मिळत नाही. मोठ्या संपत्तीचं वैशिष्ट्य हेच, की तिला हलण्याची गरज पडत नाही. कोथरूडच्या नोकरदाराला फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी म्युच्युअल फंड मोडावा लागतो. प्रमोटरला, म्हणजे कंपनी उभी करून तिचे बहुतेक शेअर हातात ठेवणाऱ्या मालकाला, स्वतःच्या कंपनीतला एकही शेअर आयुष्यभर विकावा लागत नाही.

हे आकड्यात बघू. चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी धरा. प्रमोटर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ कोटींच्या बरंच पुढे, रिटर्न नव्या करप्रणालीत, कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दरात. कंपनीने १०० रुपये कमावले. ते घरी न्यायचे चार रस्ते आहेत.

पगार म्हणून काढले तर कंपनीला तो खर्च मिळतो, कंपनीचा कर शून्य. प्रमोटरला ३० टक्के, त्यावर २५ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३९ रुपये. हातात ६१.

लाभांश म्हणून काढले तर आधी कंपनी २५.१७ भरते (२२ टक्के, १० टक्के अधिभार, ४ टक्के उपकर). उरलेल्या ७४.८३ वर प्रमोटरला ३५.८८ टक्के लागतात, कारण लाभांशावरचा अधिभार १५ टक्क्यांवर थांबतो. हातात सुमारे ४८.

पैसे कंपनीतच ठेवले, शेअरची किंमत तेवढ्याने वाढली आणि दोन वर्षांनंतर शेअर विकले, तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के, १५ टक्के अधिभार, ४ टक्के उपकर, मिळून १४.९५ टक्के. हातात सुमारे ६३.६४.

आणि विकलेच नाहीत, तर पूर्ण ७४.८३ कामाला लागलेले राहतात. पुढचा कर कधी, हे प्रमोटर ठरवणार.

म्हणजे ‘भांडवलावर कर कमी आहे’ हे वाक्य अर्धंच खरं. बाहेर काढलेला लाभांश पगारापेक्षा जड पडतो. आत ठेवलेला नफा सगळ्यात हलका. आता भांडवली नफ्याचा दर १२.५ वरून २० केला तर काय होईल? तिसऱ्या रस्त्यावरचे काही जण चौथ्यावर सरकतील. अर्थशास्त्रात याला ‘लॉक-इन’ म्हणतात. चौथ्या रस्त्यावर आधीपासून बसलेल्यांना मात्र फरक पडणार नाही, आणि सर्वात मोठ्या संपत्ती तिथेच आहेत.

फ्रान्समध्ये हे दोन्ही बाजूंनी दिसलं. २०१३ साली लाभांशाला नेहमीच्या उत्पन्नाच्या टप्प्यांत टाकलं, तेव्हा घरी जाणारा लाभांश आटला. २०१८ साली सरसकट ३० टक्के केला, तेव्हा तो भरभरून बाहेर आला. श्रीमंत तेच, कंपन्या त्याच. फक्त नळ बंद-चालू झाला. गोची अशी, की २०१८ नंतरच्या उत्पन्नाच्या आकडेवारीत विषमता वाढल्यासारखी दिसते, कारण आधी कंपनीत साठलेला पैसा आता उत्पन्न म्हणून मोजला जातो. एखाद्या देशाचा उत्पन्नातला वरच्या १ टक्क्याचा वाटा अचानक वर-खाली झालेला दिसला, तर त्या वर्षी कर कुठे बदलला हे आधी बघावं.

न विकता पैसे लागले तर? शेअर तारण ठेवून कर्ज. कर्ज हे उत्पन्न नाही, त्यावर कर नाही. व्याजाचा दर शेअरच्या वाढीपेक्षा कमी असेपर्यंत हे चक्र चालतं. शेवट मृत्यूपाशी होतो, आणि इथे देशांचे कायदे एकदम वेगळे आहेत. अमेरिकेत वारसाला शेअर मिळतो तो मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने. आधीची सगळी वाढ करातून कायमची सुटते. तिथला इस्टेट टॅक्स ४० टक्क्यांचा असला, तरी माणशी १५ दशलक्ष डॉलरपर्यंतची सूट आणि ट्रस्टची रचना यांमुळे तो फार थोड्यांना लागतो. कॅनडाने १९७२ साली वारसा कर सोडला आणि मृत्यूच्या दिवशी सगळी मालमत्ता बाजारभावाने विकली असं मानून भांडवली नफा आकारायला सुरुवात केली. पती किंवा पत्नीकडे गेली तर तो पुढे ढकलतात. भारतात यातलं काहीच नाही. वारशावर कर नाही, पण वारसाला मूळ मालकाचीच किंमत धरावी लागते, म्हणून अमेरिकेसारखी वाढ पुसली जात नाही. ती फक्त पुढच्या पिढीकडे ढकलली जाते, आणि त्या पिढीनेही विकलं नाही तर त्याच्या पुढे.

आता विषमतेचं गणित. ते बहुतेक चर्चांत येतच नाही, म्हणून जरा सावकाश.

समजा, वरच्या थरातली संपत्ती खर्च आणि सध्याचे कर जाऊन वर्षाला ७ टक्क्यांनी वाढते आणि देशाची एकूण संपत्ती ५ टक्क्यांनी. वरच्यांचा वाटा आज २० टक्के आहे. काही न करता ३० वर्षांत तो ३५ टक्क्यांवर जातो. दरवर्षी निव्वळ (कर्ज वजा जाऊन उरलेल्या) संपत्तीवर १ टक्का कर घेतला तर २६ टक्क्यांवर. २ टक्के घेतला तर १९ च्या आसपास. म्हणजे २ टक्के हा ऐकायला जहाल वाटणारा कर ३० वर्षं न चुकता वसूल झाला, तरी तो वाटा कापत नाही, जिथल्या तिथे धरून ठेवतो. कर संपत्तीच्या वाढीच्या वेगावर काम करतो, साठ्यावर नाही. पाच वर्षांत परिणाम दिसला नाही म्हणून कर अपयशी ठरवणं जितकं चुकीचं, तितकंच ‘हा कर लावला की विषमता संपली’ हे आश्वासनही.

गृहीतकं अर्थातच सोपी केली आहेत. वरच्या थरात रोज नवे लोक येतात, जुनी घराणी बुडतात, आणि कर लागल्यावर लोक बचतही बदलतात. पण वेग आणि साठा यांतला फरक यातून कळतो.

साठा किती मोठा आहे? विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या वरच्या १० टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्यांकडे २ टक्के. उत्पन्नात हेच आकडे ५२ आणि साडेआठ. भारतात २०२२-२३ साली वरच्या १ टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती. भारताच्या आकड्यांवर वाद आहेत, कारण पाहण्यांत श्रीमंत घरं नीट सापडत नाहीत आणि मग अब्जाधीशांच्या याद्या जोडून अंदाज बांधावे लागतात. दिशेबद्दल मात्र फारसा वाद नाही. संपत्तीची विषमता उत्पन्नापेक्षा कायम मोठी असते; भांडवलावरच्या कराचा मुख्य संबंध पहिलीशी आहे.

दुसरीचं औषध वेगळं. विकसित देशांत कर आणि सरकारी मदत मिळून उत्पन्नाची विषमता साधारण एक चतुर्थांशाने खाली येते, आणि त्यातला मोठा वाटा करांचा नसून पेन्शन, बेकारभत्ता, बालभत्ता अशा थेट पैशांचा असतो. स्वीडन हे याचं टोकाचं उदाहरण. तिथे वारसा कर २००४ साली गेला, संपत्ती कर २००७ साली. उत्पन्नाची विषमता आजही जगात कमीपैकी आहे, संपत्तीची मात्र युरोपात जास्तीपैकी, आणि लोकसंख्येच्या मानाने अब्जाधीश भरपूर. सरकार शाळा, दवाखाना, म्हातारपण सांभाळतं. खालच्या निम्म्या लोकांना साठवायची गरज वाटत नाही, वरच्यांच्या साठ्याला कोणी हात लावत नाही. भांडवलावरच्या कराचा पैसा कुठे खर्च होतो हे न विचारता त्याने विषमता किती घटेल, हा हिशेब मांडता येत नाही.

मग ‘बसलेल्या’ पैशावरच कर लावा की! लावून पाहिला आहे, आणि भारतानेच सर्वांत हौसेने.

केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९५६ साली भारत सरकारला अहवाल दिला. कल्पना देखणी होती: उत्पन्न, भांडवली नफा, निव्वळ संपत्ती, बक्षीस आणि खर्च या पाचांवर एकमेकांना जुळणारे कर. एका ठिकाणी लपवलेला पैसा दुसऱ्या ठिकाणी उघडा पडावा. संपत्ती कर आणि खर्च कर १९५७ चे, बक्षीस कर १९५८ चा. मृत्यूनंतरचा इस्टेट ड्युटी कायदा १९५३ पासून होताच. काल्डोर यांचा आग्रह दर माफक आणि जाळं घट्ट ठेवण्याचा होता. आपण उलट केलं. १९७३-७४ साली उत्पन्न करच अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर होता. वर संपत्ती कर धरला की काही जणांचा वर्षाचा कर उत्पन्नापेक्षा जास्त निघे. जाळ्याला मात्र भोकं पडत गेली: हिंदू अविभक्त कुटुंबाची वेगळी फाइल, ट्रस्ट, शेती. इस्टेट ड्युटीचा वरचा दर ८५ टक्के होता आणि वसुली वर्षाला २० कोटींच्या आसपास. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंग यांनी ती रद्द केली. बक्षीस कर १९९८ साली गेला.

संपत्ती कराचा अंत जास्त शिकवणारा आहे. १९९३ पासून ‘उत्पादक’ मालमत्ता, म्हणजे शेअर, बँकेतल्या ठेवी, रोखे, वगळल्या. उरलं काय? दुसरं घर, मोटारी, दागिने, शहरी मोकळी जमीन, नौका, ५०,००० च्या वरची रोकड. दर १ टक्का, मर्यादा शेवटी ३० लाख. एक घर किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतचा एक प्लॉट माफ. शेकडो कोटींचे शेअर असलेल्या प्रमोटरचा संपत्ती कर शून्य येऊ शके. ज्या घरात आजीचं सोनं, सिंहगड रोडला एक जादा रिकामा फ्लॅट आणि दारात दोन गाड्या, त्यांना रिटर्न भरावा लागे. दागिन्यांसाठी दरवर्षी ३१ मार्चचा भाव. पाटल्या, बिलवर, मोहनमाळ असं एकेक वजन करून, घट वजा करून, खड्यांचा हिशेब वेगळा लावून, लक्ष्मी रोडच्या सराफाकडून किंवा नोंदणीकृत मूल्यांककाकडून कागद आणायचा. आणि हे सगळं कशासाठी, तर कधी चार-पाच हजारांच्या करासाठी. २०१३-१४ साली अख्ख्या देशाची वसुली होती १,००८ कोटी रुपये. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी कर रद्द करून १ कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार लावला, त्यातून ९,००० कोटींची अपेक्षा होती. कारकुनीच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण त्याने बसलेल्या पैशावरचा उरलासुरला कर गेला आणि भार पुन्हा हलणाऱ्या उत्पन्नावर आला.

मूल्यांकनाचा हा घोटाळा फक्त आपल्याकडचा नाही. जर्मनीत घरजमिनीची किंमत १९६४ च्या सरकारी मूल्यांवर धरत आणि शेअरची आजच्या भावाने. १९९५ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा भेदभाव घटनेत बसत नाही असं सांगितलं. सरकारने नवं मूल्यांकन करण्याचं टाळलं आणि १९९७ पासून संपत्ती कर आकारणंच थांबलं. कायदा रद्द झाला नाही, नुसता पडून आहे.

हाच आजार पुण्याच्या मिळकत करात रोज दिसतो. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी सुरू केली; पुण्यात अजून वार्षिक करपात्र मूल्य, म्हणजे अपेक्षित भाड्याचा आधार आहे. जुन्या मिळकतीची आकारणी जुन्या दराने झालेली, नवीन इमारतीची नव्या दराने. त्यामुळे डेक्कनच्या जुन्या बंगल्याचं बिल त्याच्या बाजारभावाच्या मानाने किरकोळ आणि वाघोलीतल्या नव्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं त्याच्या मानाने भारी, असं होऊ शकतं. वर स्वतः राहत असल्यास ४० टक्के सवलत, जी मधे काढली होती आणि २०२३ मध्ये परत आली. मिळकत कर हा आपल्याकडे ‘बसलेल्या’ भांडवलावर दरवर्षी लागणारा जवळजवळ एकमेव कर आहे, आणि तोही जुन्या मूल्यांमुळे उलट्या दिशेने झुकलेला. शिवाय त्यात कर्ज वजा होत नाही: ८० टक्के गृहकर्ज असलेला आणि पूर्ण मालकीचा, दोघांना बिल सारखंच.

प्रायव्हेट कंपनीच्या शेअरचं मूल्य याहून अवघड. चाकणच्या त्याच कंपनीचं पुस्तकी मूल्य, म्हणजे हिशेबाच्या वह्यांतली किंमत, ४० कोटी असेल आणि एखादा परदेशी ग्राहक तिला २०० कोटींना विकत घ्यायला तयार असेल. आयकराच्या नियमातलं सूत्र जमीन-इमारत मुद्रांक शुल्काच्या भावाने धरतं, बाकी बरंचसं पुस्तकी. ग्राहकांशी जमलेले करार, तंत्र, नाव यांची किंमत त्यात येत नाही. संपत्ती कर या सूत्रावर घेतला तर ४०-५० कोटींवर पडेल, आणि लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीच्या भागधारकावर पूर्ण बाजारभावाने. मग मोठी कुटुंबं लिस्टिंग टाळतील किंवा वर एक होल्डिंग कंपनी बसवतील. भोक कुठे पडणार हे कायदा लिहितानाच दिसत असतं.

आणखी एक गोष्ट, जी दराच्या आकड्यात लपते. संपत्तीवरचा १ टक्का हा उत्पन्नावरचा १ टक्का नाही. १ कोटीची एफडी, व्याज साडेसहा टक्के, म्हणजे ६.५ लाख. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह आयकर २.०३ लाख. संपत्ती कर १ लाख. उरले ३.४७ लाख, महागाई ४ टक्के असेल तर मुद्दल खऱ्या अर्थाने झिजतं आहे. दुसरीकडे २० टक्के परतावा मिळवणाऱ्या धंद्यात तोच १ टक्का कर परताव्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा. म्हणजे सरसकट संपत्ती कर सुस्त, सुरक्षित बचतीवर जड आणि चढ्या परताव्यावर हलका. काही अर्थतज्ज्ञांना हे चांगलंच वाटतं, पैसा कर्तबगार हातात जातो म्हणून. पण सदाशिव पेठेतल्या निवृत्त मास्तरांना ते समजावून सांगणं कठीण. त्यासाठीच मर्यादा फार वर हवी. ३० लाखांची मर्यादा ही चूक होती.

देशांनी कर का काढला याचं उत्तर बरंचसं इथेच येतं. १९९० साली विकसित देशांच्या ओईसीडी गटातल्या १२ देशांत निव्वळ संपत्तीवर कर होता, २०१७ साली ४ देशांत. २०१८ साली फ्रान्सने तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. जिथे टिकला त्यांपैकी स्वित्झर्लंडमध्ये तो प्रांतागणिक आहे, जुना आहे, पाया रुंद आहे, आणि बहुतेक भांडवली नफ्यावर तिथे वेगळा कर नाही, म्हणून लोक तो सहन करतात. तरीही स्विस अभ्यासात कराचा दर १ टक्का-बिंदूने घटल्यावर सहा वर्षांत जाहीर संपत्ती ४३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. डेन्मार्कमध्ये असा परिणाम याहून बराच कमी सापडतो. मोठा फरक कागदांचा आहे. डेन्मार्कमध्ये बँक स्वतः करखात्याला आकडे कळवते, स्वित्झर्लंडमध्ये बँकेची गुप्तता घरच्या करखात्यापुरतीही शाबूत राहिली आणि माणूस स्वतः लिहील ते धरायचं. आपल्याकडे डिमॅट, म्युच्युअल फंड, एफडीचे आकडे वार्षिक माहिती पत्रकात आपोआप येतात, तिथे लपवणं अवघड झालं. सोनं, अनलिस्टेड शेअर, बेनामी जमीन यांत नाही.

पळून जाण्याबद्दल जेवढा गाजावाजा होतो तेवढं स्थलांतर होत नाही, पण वरच्या अगदी पातळ थरात होतं आणि वसुली त्याच थरातून यायची असते. नॉर्वेने २०२२ साली वरचा दर १.१ टक्के केला आणि बरेच धनाढ्य स्वित्झर्लंडला गेले. मग नॉर्वेला देश सोडतानाचा कर कडक करावा लागला. क्रम उलटा झाला. आधी कुंपण, मग कर. भारतात व्यक्तीसाठी देश सोडतानाचा करच नाही. दुबईत राहायला गेलेल्याने म्युच्युअल फंड विकले तर भारत आणि अमिराती यांच्यातल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातल्या शिल्लक (इतर कलमांत न बसणाऱ्या नफ्यासाठीच्या) कलमाखाली तो नफा भारतात करपात्र नाही, असे निकाल न्यायाधिकरणांनी दिले आहेत, आणि दुबईत व्यक्तीवर आयकर नाही. १४.९५ टक्के शून्यावर येतात.

म्हणून ‘जगभर’ हा शब्द तुमच्या प्रश्नात महत्त्वाचा. दोन गोष्टी खरोखर पुढे सरकल्या. २०१७ पासून शंभराहून जास्त देश परकीयांच्या बँक खात्यांची माहिती एकमेकांना पाठवू लागले, त्यात भारतही आहे. अमेरिका या यंत्रणेत नाही. दुसरी, ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असणाऱ्या कंपनीगटांवर १५ टक्के किमान कर, ज्याला २०२१ साली १३० हून अधिक देशांनी होकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढलं. तिसरी अजून कागदावर आहे. ब्राझीलच्या अध्यक्षपदाखाली २०२४ साली जी-२० साठी फ्रेंच अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी मांडलेला प्रस्ताव: जगातल्या सुमारे ३,००० डॉलर-अब्जाधीशांनी वर्षाला निदान संपत्तीच्या २ टक्क्यांइतका कर भरावा. आयकर आधीच तेवढा भरला असेल तर जादा काही नाही. अंदाजे २०० ते २५० अब्ज डॉलर. माझ्या मते या प्रस्तावाचं बलस्थान दर नसून ‘निदान’ हा शब्द आहे. लाभांश काढून कर भरणाऱ्याला तो लागत नाही, चौथ्या रस्त्यावर बसलेल्याला लागतो. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं विधेयक मंजूर केलं, सिनेटने जूनमध्ये फेटाळलं.

भारतात मात्र अब्जाधीशांच्या यादीकडे बोट दाखवताना पायाखालची जमीन विसरतात, तीही शब्दशः. ग्रामीण शेतजमीन आयकराच्या कायद्यात ‘भांडवली मालमत्ता’च नाही. १० लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या पलीकडे (१ ते १० लाखांसाठी ६, दहा हजार ते १ लाखासाठी २) जमीन असेल, ती खरंच कसली जात असेल आणि शेतजमीन म्हणूनच विकली असेल, तर विक्रीवर कर शून्य. रक्कम ५० लाख असो वा ५० कोटी. मुळशी, मावळ, खेड, शिरूर या पट्ट्यात हे वर्तुळ म्हणजे लाखमोलाची रेषा आहे. चुका ठरलेल्या होतात: अंतर रस्त्याने मोजणं, फक्त पुणे महापालिकेपासून मोजणं आणि पिंपरी-चिंचवड, तळेगाव, कॅन्टोन्मेंट विसरणं, विक्रीआधी एनए (बिगरशेती) करून घेणं, प्लॉट पाडून विकणं, ज्याने तो धंद्याचा नफा ठरतो. २०२१ मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगेसह २३ गावं पालिकेत आली, तेव्हा हद्द बाहेर सरकली आणि वर्तुळही तिच्याबरोबर सरकलं. पिढीजात शेतकऱ्यासाठी ही सूट समजू शकते. पण विक्रीच्या आधी दहा वर्षं जमीन घेऊन ठेवलेल्या गुंतवणूकदारालाही ती तशीच मिळते. केंद्राच्या संपत्ती कराच्या नोंदीतून राज्यघटनेने शेतजमीन वगळली आहे. १९६९ साली ती कक्षेत आणली, १९७१ च्या ढिल्लन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्यही केली, पुढे राजकारणाने सोडून दिली.

भारतापुरतं काय चालेल, असं विचाराल तर जुना संपत्ती कर परत आणणं मला पटत नाही. मूल्यांकनाचं दरवर्षीचं भांडण पुन्हा उभं राहील. कॅनडाची पद्धत आपल्या कायद्याला जास्त जवळची आहे, कारण मूळ मालकाची किंमत वारसाकडे नेण्याची सवय आपल्याला आहेच. मृत्यूच्या किंवा बक्षीसपत्राच्या दिवशी विक्री झाली असं मानायचं; मर्यादा अशी ठेवायची की राहतं घर, आजीचं सोनं आणि मध्यमवर्गाचे फंड बाहेर राहतील; पती-पत्नीत पुढे ढकलायचं; आणि अनलिस्टेड कंपनी किंवा जमीन असेल तर दहा वार्षिक हप्ते, ब्रिटनमध्ये वारसा कराला काही मालमत्तांसाठी देतात तसे. एका पिढीत एकदाच मूल्यांकन. बक्षीसपत्र सोडून चालणार नाही: महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नीला, मुलांना, नातवंडांना दिली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा), आणि बक्षीस वगळलं तर सगळे मृत्यूआधी दुय्यम निबंधकाकडे रांग लावतील. जर्मनीच्या वारसा करातली चूकही टाळावी: तिथे धंदा पाच वर्षं चालू ठेवला आणि पगाराची ठरलेली पातळी राखली तर ८५ टक्के मूल्य माफ, सात वर्षं ठेवला तर सगळं. नोकऱ्या वाचवण्यासाठी दिलेली सूट सर्वात मोठ्या वारशांना सर्वात जास्त उपयोगी पडते.

उलट बाजूने, लाभांशावरची दुहेरी आकारणी थोडी हलकी करायला मी तयार आहे. ५२ टक्के कर असल्यावर नफा आत ठेवणं हा शहाणपणाच ठरतो. बाहेर काढणाऱ्याला कमी आणि कधीच न काढणाऱ्याला निदान एकदा, अशी जोडी हवी.

असा कर येवो न येवो, एक कागद आताच शोधून ठेवा. वडिलोपार्जित जमीन-घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येतं, पण मुद्रांक शुल्काच्या त्या वर्षीच्या दरापेक्षा जास्त नाही. २००१ च्या रेडी रेकनरमधलं (मुद्रांक शुल्काच्या सरकारी दरपत्रकातलं) गावाचं, गटाचं पान आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, दोन्ही लागतात. सात-बाऱ्यावरची आणि फेरफारातली वारस नोंद जुळलेली हवी. ती न जुळल्यास मूळ मालक कोण, त्याची किंमत कोणती, यावरच पहिली नोटीस येते.